कल्याणची मुलगी, फिलाडेल्फियातली खोली

आनंदीबाई जोशी यांच्याविषयी मराठी वाचकाला सहसा दोन गोष्टी ठाऊक असतात. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते, ही एक. आणि त्यांचे पती गोपाळराव हे मोठे विक्षिप्त गृहस्थ होते, ही दुसरी. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने, तिच्यावरून झालेल्या नाटकाने आणि २०१९ सालच्या चित्रपटाने या दोन्ही गोष्टी घरोघरी पोचवल्या. त्या चुकीच्या आहेत असे नव्हे. मात्र या सगळ्या कथनांत एक साधा प्रश्न येतो आणि पाहता पाहता निघून जातो. अठरा वर्षांची ही मुलगी परमुलखात राहिली कुठे? तिने रांधले काय, आणि हिवाळ्याच्या रात्री ती निजली कशी?

इतिहासलेखनाला अशा प्रश्नांचे वावडे असते. पदवीदान समारंभाची तारीख नोंदली जाते, चुलीचा धूर नोंदला जात नाही. परदेशी शिकायला गेलेल्या माणसाचे निम्मे आयुष्य मात्र वर्गाबाहेरच जाते, आणि वर्गात काय जमेल हेही पुष्कळदा तो ज्या खोलीत राहतो तीच ठरवते. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आज अशी आळी नसेल जिथून कोणी ना कोणी अमेरिकेतल्या विद्यापीठात गेलेले नाही. तेव्हा या भागातून तिकडे गेलेल्या पहिल्या ज्ञात विद्यार्थिनीची खोली नीट पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आनंदीबाई माहेरच्या यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणच्या जोशी घराण्यात त्या वाढल्या. घराणे जुने, वतनदार, पण उतरती कळा लागलेले. कल्याण हे खाडीकाठचे प्राचीन बंदर, आणि त्या काळी नव्यानेच आगगाडीचे गाव झालेले. ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग मे १८५४ मध्ये कल्याणला पोचला होता, आणि १८६४ साली गावात सार्वजनिक वाचनालयही सुरू झाले होते. याच गावच्या टपाल कचेरीत गोपाळराव जोशी कारकून होते. संगमनेरचे, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. १८७४ साली नऊ वर्षांच्या यमुनेचे त्यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. बायकोला शिकवीन, ही त्यांनी लग्नाच्या वेळीच घातलेली अट होती, असे चरित्रकार सांगतात.

कल्याणच्या वाड्यात वाढलेल्या मुलीला 'स्वतःची खोली' ही वस्तूच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माजघर होते, स्वयंपाकघर होते, माळा होता. पण एका माणसाची एक खोली, तिला आतून कडी, असा प्रकार नव्हता. बाईला एकांत मिळे तो महिन्यातले तीन दिवस बाजूला बसताना, आणि तो एकांत कोणी मागून घेतलेला नसे. हे लक्षात ठेवावे, कारण फिलाडेल्फियात आनंदीबाईंना जे मिळाले त्यात थंडीइतकाच हा एकलेपणाही नवा होता.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर अशी त्यांची बिऱ्हाडे हलत राहिली. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकावे हा विचार याच दुःखातून उगवला असे मानले जाते. स्त्रियांना पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगण्याचा संकोच वाटतो आणि त्या संकोचापायी त्या मरतात, हे त्यांनी पुढे कॉलेजला पाठवलेल्या अर्जातही लिहिले.

अमेरिकेचा घाट गोपाळरावांनी आधीच घातला होता. कोल्हापुरात असताना १८७८ साली त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिले: पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, तिथे मला काही नोकरी मिळेल काय? वाइल्डरांनी ते पत्र आपल्या उत्तरासह मिशनच्या नियतकालिकात छापून टाकले. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बोलू. छप्पर देऊ, पण त्याचे भाडे म्हणून धर्म द्यावा लागेल, हा तो सौदा होता. त्या काळी परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या गरीब हिंदूपुढे याखेरीज दुसरा सौदा क्वचितच येई.

आला तो योगायोगाने. १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे त्यांच्या हाती ते नियतकालिक पडले. एका ब्राह्मण मुलीला शिकायचे आहे आणि तिच्यापुढे धर्माची अट ठेवली जाते आहे, हे वाचून त्यांनी पत्र पाठवले. पुढची तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा यांनी आनंदीबाई बंगालमध्येच बेजार होत्या. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, त्यांचा गुण आला नाही. शेवटी मावशींनी आपले घर देऊ केले, आणि त्याला कोणतीही अट जोडली नाही. आनंदीबाईंच्या साऱ्या प्रवासाचा पाया आम्हांस या एका बिनशर्त घरात दिसतो. गोपाळरावांची जिद्द मोठी खरी. पण जिद्दीला उतरायला ओटी लागते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, एकट्या का जातो, परत आल्यावर वाळीत पडू काय, असे लोकांच्या तोंडचे प्रश्न एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे त्यांनी तिथे जाहीर केले. ७ एप्रिलला 'सिटी ऑफ कलकत्ता' ही बोट सुटली. सोबत मिशनशी संबंधित युरोपीय बायका होत्या, नवरा नव्हता. प्रवासखर्चासाठी अंगावरचे सोने विकले गेले होते. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा घ्यायला कार्पेंटर मावशी स्वतः आल्या होत्या.

रोझेलचा तो उन्हाळा त्यांच्या अमेरिकेतील वास्तव्यातला सर्वांत सुखाचा काळ. घर भरलेले, घरात मुले, परसात झाडे. आनंदीबाई शाकाहारावर राहिल्या, साडी-बांगड्या-कुंकू यांत बदल केला नाही. मावशींच्या गोतावळ्याला त्यांनी आपल्याकडच्या पद्धतीने खाली बसवून हाताने जेवायला लावले. हा आतिथ्याचा उलटा प्रवाह आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. पाहुणीला पंगत वाढता आली, म्हणजे ती नुसती पाहुणी राहिली नाही.

ऑक्टोबर १८८३ मध्ये वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचे वर्ग सुरू झाले. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. डीन रेचेल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, १८७४ पासून डीनच्या पदावर. कॉलेजने शिष्यवृत्ती दिली, आणि बॉडलीबाईंनी या कोवळ्या विद्यार्थिनीचे आपल्या घरी स्वागत केले. इथवर सारे छान. पण स्वागत म्हणजे निवास नव्हे. त्या काळी अमेरिकन शहरांत विद्यार्थ्यांनी भाड्याच्या खोल्यांत आणि खाणावळवजा घरांत राहणे सर्रास होते. रोझेलपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या त्या शहरात आनंदीबाईंच्या वाट्याला आली ती एक थंड खोली, आणि तिच्यातली शेगडी धड नव्हती. विस्तव पेटवला की खोलीभर धूर कोंडे. न पेटवावा तर गारठा हाडात शिरे. धूर की थंडी, एवढीच काय ती निवड.

फिलाडेल्फियात जानेवारीत पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. कल्याणच्या माणसाला थंडी म्हणजे पहाटे अंगावर घेतलेली गोधडी. अशा माणसाने अशा खोलीत शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तके परक्या भाषेत वाचायची, पहाटे उठून पाणी तापवायचे, स्वतःपुरते रांधायचे, मग विच्छेदनाच्या दालनात उभे राहायचे. संध्याकाळी परतावे तर चूल विझलेली. शाकाहारी स्वयंपाकाची सामग्री तरी कोणती? बटाटे, पाव, दूध, थोडीफार कडधान्ये. एकटीसाठी करायचे म्हटले की भूक मेली असे होते, हे एकट्याने राहिलेल्या कोणालाही कळेल. तिथल्या शाकाहारात तिला पुरेसे पोषण मिळाले नाही, यावर तिचे बहुतेक चरित्रकार एकमत आहेत. शाकाहार ही नवऱ्याची आज्ञा होती, समाजाला दिलेला शब्द होता आणि स्वतःचा स्वाभिमानही होता. यांतले किती काय होते, ते वेगळे काढता येत नाही.

पोशाखाचेही असेच. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या हवेत त्याचे काही वाटत नाही, बर्फात वाटते. आनंदीबाईंनी विचार करून गुजराती धर्तीवर पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. बदल केवढासा! साडी साडीच राहिली, पाय झाकले गेले. पण या बदलाची खबर समुद्रापार गेली आणि गोपाळरावांनी त्यावरून बोल लावले. ज्या माणसाने सगळ्या गावाचा रोष पत्करून बायकोला धाडले, तोच आता पदर आणि निऱ्या यांचा हिशेब मागू लागला. त्यांच्या पत्रांत कौतुक असे, संशय असे आणि टोमणेही असत. एका पत्राचे उत्तर हाती यायला आठवडेच्या आठवडे जात. तोवर मागच्या पत्रातला विखार मनात मुरलेला असे. आनंदीबाईंनी मात्र एका उत्तरात त्यांना जुन्या मारहाणीची आठवण करून दिली. लहानपणी लाकडाने मारलेत, खुर्च्या फेकल्यात, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्यात. त्या वयात मला दुसरा आधार नव्हता, म्हणून मी सोसले, अशा आशयाचे ते पत्र आहे. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रव्यवहाराचा जो अभ्यास केला, त्यामुळे हा आवाज आज आपल्यापर्यंत नीट पोचतो.

असे पत्र कल्याणच्या वाड्यात बसून लिहिता आले असते काय? आम्हांस वाटते, नाही. ते लिहायला कडी असलेली खोली लागते, आणि मधे दोन समुद्र लागतात. ज्या खोलीने आनंदीबाईंची प्रकृती पोखरली, त्याच खोलीत त्यांना पहिल्यांदा नवऱ्याला उत्तर देण्याइतका एकांत मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी पुसून टाकण्याची आमची तयारी नाही.

या वास्तव्यातले एक छायाचित्र आज सर्वत्र दिसते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनच्या स्वागतसमारंभाच्या वेळी काढलेले. तीन विद्यार्थिनी: भारताच्या आनंदीबाई, जपानच्या ओकामी केइको आणि दमास्कसहून आलेल्या सबात इस्लाम्बुली. एक साडीत, एक किमोनोत, एक आपल्या देशीच्या अलंकारांत. तिघी धीरगंभीर. पुढे ओकामी १८८९ साली आणि इस्लाम्बुली १८९० साली पदवीधर झाल्या. फार सुंदर चित्र आहे. आम्हीही ते अनेकदा न्याहाळले आहे. पण त्यात एक मेख आहे. परदेशी विद्यार्थी हा कॉलेजचा पाहुणा असतो तसाच तो कॉलेजच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तूही असतो. समारंभात त्याने आपला देशी पोशाख घालून यावे, ही अपेक्षा प्रेमाचीच असते. मात्र त्या पोशाखात तो घरी परतताना कुडकुडतो की काय, हे समारंभ पाहत नाही. आजच्या विद्यापीठांच्या माहितीपत्रकांवर दिवाळीच्या पणत्या घेतलेली मुलगी झळकते. ती कोणत्या तळघरात किती जणींबरोबर राहते, हे त्या पत्रकात नसते.

१८८५ साली गोपाळराव ब्रह्मदेश, चीन, जपान असे करत अमेरिकेत येऊन पोचले आणि व्याख्यानांतून यजमानांच्याच देशावर टीकेची झोड उठवू लागले. त्यामुळे आनंदीबाईंची जी कुचंबणा झाली ती निराळ्या लेखाचा विषय आहे. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जागा चालून आली होती. पण क्षयाने शरीर जवळजवळ खाऊन टाकले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

खोलीने त्यांचा जीव घेतला, असे सोपे विधान आम्ही करणार नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्येच जगापुढे मांडला होता. त्यावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडावे लागले. आनंदीबाईंच्या तक्रारी तर बंगालपासूनच्या. त्या रोझेलला राहिल्या असत्या तरी कदाचित वाचल्या नसत्या. पण त्या काळी क्षयावर जो काही उपाय माहीत होता तो म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न. आणि त्या खोलीत नेमके याच तिन्हींचे दुर्भिक्ष होते. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली मराठीत लिहिलेल्या चरित्रातही आणि कॅरोलाइन डॉल यांनी त्याआधी वर्षभर इंग्रजीत लिहिलेल्या चरित्रातही हे दुखणे पानोपानी आहे. वाचणाऱ्यांनीच पदवीचे पान तेवढे घडी घालून ठेवले.

एका व्यक्तीने मात्र ही सारी पाने वाचली असावीत, असे आम्हांस वाटते. पंडिता रमाबाई पदवीदानानंतर अमेरिकेतच थांबल्या. १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना आहे त्याच डीन बॉडलींची. पुस्तकाच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून पैसा उभा राहिला. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन उघडले. ते केवळ शाळा नव्हते, शाळेसह राहते घर होते. विधवांनी तिथे राहावे, आपापल्या आचाराप्रमाणे रांधावे-जेवावे आणि शिकावे, ही त्याची मूळ मांडणी. शिकायला येणारीला आधी निजायला जागा आणि आपल्या रीतीचे अन्न लागते, त्याशिवाय वर्ग भरून काही उपयोग नाही, हे रमाबाईंना कळले होते. १८९३ साली धर्मांतराच्या वादाने पुण्यात याच सदनातल्या मुली पालकांनी भराभर काढून नेल्या. छपराला धर्माची अट चिकटते की नाही, हा वाइल्डरांच्या पत्रातला प्रश्न असा फिरून आपल्याच दारात आला.

यानंतर पाव शतकाने आणखी एक मराठी विद्यार्थी अमेरिकेत राहायला गेला. भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांनी पहिला आठवडा काढला. तिथले जेवण त्यांना मानवेना. मग ते हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राच्या सोबतीने. मधल्या तीसेक वर्षांत तिकडची व्यवस्था केवढी बदलली होती! विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे होती, परदेशी विद्यार्थ्यांचे क्लब होते. १९२४ साली तर न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासाठी खास इंटरनॅशनल हाउसही उभे राहिले. आनंदीबाईंना एका मावशीवर विसंबावे लागले होते. भीमरावांना नियमाने खोली मिळाली. आणि त्या खोलीत त्यांची जात कोणी विचारली नाही.

खरी ठेच परतल्यावर लागली. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास नोकरीला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. दुसरी जागा कुठेच मिळाली नाही. काही तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्कमध्ये एका पारशी मित्राशेजारी खाट, आणि बडोद्यात पारशी म्हणवून घेतल्यावरही छप्पर नाही! १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे. वसतिगृहांची चळवळ केवळ अमेरिकेतून आली असे आम्ही मुळीच सुचवत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून ती उभारली होती. पण ज्याला खोलीवाचून रस्त्यावर यावे लागले, त्याला खोलीची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही.

आता आमच्या पट्ट्याकडे वळतो. डोंबिवलीत पदवी हाती पडण्याआधीच परीक्षांचे क्लास, बँकेचे कर्ज आणि वांद्रे-कुर्ला संकुलातली व्हिसाची मुलाखत असा क्रम लागतो. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, पदवीनंतरच्या प्रशिक्षणावर असलेले धरून. त्या वर्षी चीनला मागे टाकून भारत पहिला आला. तेव्हा अप्रूप संपले आहे. खोलीचा प्रश्न संपलेला नाही, त्याचे रूप पालटले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात जागा मिळणे दुरापास्त. बाहेर घर घ्यावे तर घरमालक तिथल्या पतइतिहासाची विचारणा करतो किंवा जामीनदार मागतो, आणि नुकत्याच उतरलेल्या पोराकडे दोन्ही नसतात. मग विमानात बसण्याआधीच व्हॉट्सॲपच्या गटात चार अनोळखी मुले मिळून दोन खोल्यांचे घर ठरवतात. दिवाणखान्यात पडदा लावून एकजण झोपतो, त्याचे भाडे कमी. बॅगेत कुकर आणि गोडा मसाला असतोच. पहिले आठ-दहा दिवस आधी गेलेल्या कोणा भारतीय विद्यार्थ्याच्या घरात जमिनीवर गादी टाकून काढायचे. कार्पेंटर मावशींची जागा आता या 'सीनिअर'ने घेतली आहे. ज्यांच्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे त्यांना गणपतीत एक वेळचे पुरणही मिळते.

आणि दाराची कडी अजूनही दुसऱ्याच्या हातात आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे अमेरिकन विद्यापीठांनी वसतिगृहे रिकामी करायला सांगितली, तेव्हा तिथल्या मुलांना आईबापांचे घर होते; आपल्या मुलांची विमानेच बंद झाली. त्याच वर्षी ६ जुलैला तिथल्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केले की, ज्यांचे सारे वर्ग संगणकावर भरतील त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेली, आणि १४ जुलैला तो आदेश मागे घेतला गेला. मधल्या आठ दिवसांत डोंबिवलीतल्या किती घरांत रात्री दोन वाजता फोन वाजले असतील! भाडेकरार वर्षभराचा, कर्ज दहा वर्षांचे, आणि राहण्याचा हक्क वर्ग कसे भरतात यावर टांगलेला.

आनंदीबाईंच्या मागे राहिलेल्या खुणांपैकी एक राहण्याच्याच जागेशी निगडित आहे. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथील दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या मालकीच्या जागेत ठेवल्या आणि वर दगड बसवला. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद त्यावर आहे. आजूबाजूला मावशींचे नातलग आहेत. हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी गाडी न्यूयॉर्कहून तिथे पावणेदोन-दोन तासांत पोचते.